भोंग्याचं ऐकायचं की नाही

बसस्टँडवर नोकरी केलेल्या माणसाला किस्से आठवावे लागत नाहीत, आवरावे लागतात. एक सांगायला घेतला की मागचे चार रांग मोडून पुढं घुसतात. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी चार मित्र जमले की कुणीतरी म्हणतंच, "ते भोंग्याचं काढा." मग काढावं लागतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा हिंगोलीच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसत होतो. हिंगोलीहून नांदेडला जायचे दोन रस्ते. एक कळमनुरी, आखाडा बाळापूरवरून. दुसरा औंढा, वसमतवरून. दोन्हीकडच्या गाड्या नांदेडहून यायच्या आणि आल्या रस्त्यानं परत जायच्या. त्या कधी येतील ते रस्त्यालाच ठाऊक. लोक पिशवी मांडीवर घेऊन बसायचे आणि जी आधी येईल तिच्यात शिरायचे.

मग वरच्या एका साहेबांच्या डोक्यात आलं, की लोकांना गाडीची खबर आधीच द्यावी. बाळापूर आणि औंढ्याच्या कंट्रोलरांनी गाडी सुटली की आम्हाला फोन करायचा. मी ते भोंग्यावर सांगायचं. लोकांनी ऐकून रस्ता ठरवायचा. त्यांचा वेळ वाचेल, गाड्यांवर सारखी गर्दी होईल. प्रयोग एक वर्षाचा होता. वर्ष संपलं की साहेब येऊन पाहणार. उपयोग दिसला तर भोंगा राहणार आणि मीही राहणार. नाही दिसला तर भोंगा खाली उतरणार आणि मी कंडक्टरची बॅग अडकवून कुठल्यातरी लांबच्या डेपोत जाणार.

इकडं सुमनला, म्हणजे आमच्या मंडळींना, बऱ्याच खटपटीनं हिंगोलीतच मुलींच्या शाळेत नोकरी लागली होती. म्हणजे मी गेलो असतो तर संसाराचे दोन तुकडे झाले असते. त्यामुळं त्या वर्षभर मला प्रत्येकाचा संशय यायचा. तसा मी आधीपासूनच संशयी. पण त्या वर्षी प्रवासी माझ्याही पुढं गेले.

* * *

पहिल्या दिवशी बाळापूरचा फोन आला, की गाडी अजून आलेलीच नाही, चांगला तासभर उशीर होईल. मी घसा साफ केला आणि भोंग्यावर सांगितलं, "कळमनुरीमार्गे नांदेड गाडी एक तास उशिरा येईल. घाई असणाऱ्यांनी औंढामार्गे जाणाऱ्या गाडीत बसावं." औंढ्याची गाडी समोरच उभी होती. अर्धी रिकामी.

एकही माणूस उठला नाही.

मला वाटलं भोंगा बंद पडला. बाहेर जाऊन पाहिलं. बाकावर एक आबा होते. ते रोज यायचे, कधी कुठं जाताना मात्र कुणी पाहिलं नव्हतं. त्यांना विचारलं, आबा, आवाज आला का? म्हणाले, चांगला खणखणीत आला. मग कुणी उठत का नाही?

आबांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, "औंढ्याची गाडी रिकामी जाऊन राहिली, म्हून आमाला तिकडं ढकलून राहिले ना? आमाला कळतंय."

लोक तासभर बसून राहिले. गाडी तासाभरानं आली. तेव्हा आबा शेजारच्याला म्हणाले की, बघा, मुद्दाम अडवून ठेवली होती.

* * *

सखरबाईची ओळख त्याच आठवड्यातली. गावाशेजारच्या वाडीवर तिची शेळ्या-मेंढ्यांची खिल्लारं. लेक बाळापूरला दिलेली. त्यामुळं पंधरा-वीस दिवसांनी तिची एक चक्कर असायचीच. कधी दुधाचा खरवस, कधी एखादं करडू काखेत. भोंग्यावर काहीही सांगितलं की ती सरळ खिडकीशी यायची आणि माझ्या तोंडाकडं पाहायची.

"लेकरा, गाडी बाळापूरहून निघाली म्हनतूस. तू सोता पाह्यली का?"

मी म्हटलं, नाही मावशी, फोन आला. फोनवाल्यानं पाहिली का? पाहिली. त्यो कोनाचा कोन? कंट्रोलर आहे. त्याचा काय भरवसा, म्हणाली, आणि करडू घेऊन निघाली. कुठं, तर कळमनुरी नाक्यावर. गाडी येतेय की नाही ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायला.

बऱ्याच वेळानं घामाघूम होऊन परत आली. तोंडावर मोठं समाधान होतं. खिडकीत वाकून म्हणाली, "लेकरा, तुजं बराबर व्हतं. गाडी आली. म्या नाक्यावर माज्या डोळ्यानं पाह्यली."

तोवर ती गाडी भरून परतसुद्धा गेली होती.

* * *

लोक ऐकत नाहीत ही एक तकलीफ. ऐकायला लागले ती त्याहून मोठी.

एका बाजाराच्या दिवशी कळमनुरीला गाडीचं टायर बसलं. मी भोंग्यावर सांगितलं. त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, सगळा स्टँड एकदम उठला आणि औंढ्याच्या गाडीवर पडला. दारातून, खिडकीतून, जिथून वाट मिळेल तिथून. गाडी अशी लादली गेली की चढ आला की ती थांबून श्वास घ्यायची म्हणे. इकडं टायर लगेच बदललं गेलं. कळमनुरीची गाडी आली आणि ड्रायव्हर, कंडक्टर आणि हळदीचं एक पोतं घेऊन नांदेडला कितीतरी आधी पोचली.

दुसऱ्या दिवशी गावभर एकच बोलणं. भोंगा म्हणेल त्याच्या उलट करायचं. मी औंढा म्हटलं की लोक कळमनुरी धरायचे, कळमनुरी म्हटलं की औंढा. त्यामुळं आता उलटी गाडी भरायची आणि सुलटी रिकामी जायची. ज्यांना दोन्हींचा संशय होता ते रेल्वे स्टेशनावर जाऊन छोट्या लाइनच्या गाडीची वाट पाहायचे. ती केव्हा येते ते तिथं कुणी सांगतच नव्हतं. एकानं मला ऐकवलं, की स्टेशनावर कुणी काही सांगत नाही, म्हणून फसवतही नाही.

हळदीच्या अडतीवर बसणारे एक शेठ होते, मोतीशेठ. हिशोबी डोकं. ते कपातला चहा बशीत ओतून मोठ्यानं विचार करायचे. "भोंगा म्हणतो औंढा. म्हणजे लोक धरणार कळमनुरी. म्हणजे औंढा मोकळी. पण हे आता लोकांनाबी कळलंय. म्हणजे लोक औंढाच धरणार. म्हणजे आपण कळमनुरी..." आणि असं बरंच पुढं.

चहा संपला, विचार संपला, शेठ उठले. दोन्ही गाड्या गेल्या होत्या.

* * *

गाडीला उशीर म्हणून सांगितलं की कँटीनची भजी खपायची. यात माझा काय दोष? पण लोकांनी बरोबर जोडून घेतलं. कँटीनवाला आणि भोंगेवाला मिळालेले आहेत. खिडकीशी येऊन एकजण म्हणालासुद्धा, आज तेल तापलंय वाटतं, गाडीला उशीर दिसतो.

मी भजी खायची बंद केली. म्हटलं, संशयाला जागा नको.

आठ दिवसांनी आमचे कंट्रोलर शेखभाई हसत हसत आत आले. शेखभाई दख्खनी बोलायचे आणि कुणाचंही काही मनावर घ्यायचे नाहीत. माझा मात्र त्यांच्यावरही संशय होता, की आपल्या भाच्यासाठी माझ्या खुर्चीवर डोळा ठेवून आहेत. म्हणाले, बाहेर लोक काय बोलतात ठाऊक आहे का?

मी विचारलं, काय?

"बोलते हैं, अब भजिया नहीं खाता. मतलब अब कुछ बड़ा खाता है."

* * *

मला सर्वांत जास्त धास्ती साहेबांच्या गुप्त माणसाची होती. वर्ष पुरं व्हायच्या आधी कुणीतरी साधा प्रवासी बनून येणार आणि माझी चौकशी करून जाणार, असं माझ्या मनानं घेतलं होतं. कुणाचा शर्ट जरा स्वच्छ दिसला की मला घाम फुटायचा.

एक दिवस असाच एक माणूस आला. पांढरं धोतर, कोट, हातात घडी केलेला पेपर. सकाळपासून बाकावर बसला. गाड्या आल्या, गेल्या. हा हलेना. माझी खात्री पटली. मग मी असा काही भोंगा चालवला की विचारू नका. गाडी बाळापूरहून सुटली, गाडी कळमनुरीत आली, गाडी नाक्यावर आली, गाडी वळतेय, प्रवाशांनी घाई करू नये, लेकरांना सांभाळावं. कँटीनमधून त्याला चहाही पाठवला.

दुपारी तो उठून खिडकीशी आला. मी उभा राहिलो. फार अदबीनं बोलला.

"घरी लेकरं लई कालवा करतेत, म्हून इथं येऊन बसलो होतो. तुमी चांगले मानूस दिसता. हे जरा बारीक करता का?"

* * *

ड्रायव्हर लोकांचा एक किस्सा सांगतो, म्हणजे या खबरीची उलटी तऱ्हा कशी असते ते कळेल.

बाळापूरच्या कंट्रोलरनं कळवलं, की गाडी नांदेडहूनच उशिरा निघाली, तुमच्याकडं दीड तास तरी उशीर धरा. मी तसं सांगितलं. दीड तास म्हणजे दीड तास, गाडी अगदी त्याच वेळेला स्टँडात शिरली. मला धन्य वाटलं. एवढी बरोबर खबर मी कधी दिली नव्हती. ड्रायव्हर उतरल्यावर मी त्याला म्हटलं, तुमच्यामुळं आज माझी लाज राहिली.

तो म्हणाला, राहणारच. बाळापूरलाच कळलं होतं की हिंगोलीला दीड तास सांगितलंय. पुढं रस्ता मोकळा मिळाला, उशीर भरून निघाला, कळमनुरीला पोचलो तर बराच वेळ हातात.

"मग काय केलंत?"

"च्या पिला, जेवलो, झाडाखाली जरा आडवा झालो. तुमचा शब्द खोटा पडू नये म्हून थांबलो, अन् काय."

त्या दिवशी स्टँडवर दीड तास ताटकळलेल्या लोकांना मी हे सांगितलं नाही.

* * *

बाहेरच्यांचं जाऊ द्या. सुमनचं माहेर हट्ट्याचं. एकदा शाळेला सुट्टी लागली, तिला माहेरी जायचं होतं. मी सकाळी घरातून निघताना सांगून आलो, की हट्ट्याची गाडी आज वेळेवर आहे, जेवून निवांत ये.

तर ही बाई माझ्या खिडकीसमोर दहा माणसांच्या मागं रांगेत उभी. नंबर आला तसा अनोळखी माणसाला विचारावं तसं मला विचारलं, हट्ट्याची गाडी खरंच येणार आहे ना? मी म्हटलं, अगं, तुला घरीच सांगितलं होतं की.

"घरी तुम्ही काहीही सांगता."

रांग हसली. मी तोंड पाडलं. तशी ती जरा वरमली आणि आवाज खाली करून म्हणाली, की आता थोडेच दिवस राहिलेत, साहेब येतील, लोकांचा विश्वास बसेल असं काहीतरी करा. मला नांदायचंय इथं, तुमच्या पत्रांवर दिवस काढायचे नाहीत. आणि भोंग्यावर बोलता ते जरा माणसासारखं बोला. गाडी आली काय, गेली काय, पंक्चर झाली काय, तुमचा आवाज आपला पिठाच्या गिरणीसारखा एका सुरात.

आता यात माझा काय दोष? आम्हाला शिकवलंच होतं तसं. आवाजात चढउतार नको, लोक घाबरतात. मी वर्षभर गिरणीच चालवली.

* * *

आणि मग साहेब आले. गुप्तपणे वगैरे नाही, चांगले जीपमधून.

त्या सकाळी सखरबाई माझ्या आधी स्टँडवर होती. बाळापूरहून ट्रकवाल्याकडून निरोप आला होता, लेकीला कळा सुरू झाल्यात. पहिलं लेकरू जन्मताच गेलेलं, त्यामुळं म्हातारीच्या तोंडाला रंग नव्हता. बोचक्यात जुनी लुगडी, डिंक, काय काय बांधलेलं. त्या दिवशी तिनं मला गाडी पाहिलीस का असं विचारलं नाही. फक्त लवकर सांग म्हणाली. मी सांगितलं, मावशी, कळमनुरीहून गाडी निघालीय, इथंच बसा, हलू नका.

साहेब खुर्चीत बसले. वर्षभराचं मी जे सांगत होतो ते त्यांनी अर्धं ऐकलं आणि म्हणाले, असं नाही कळायचं. तुम्ही खरी खबर देता, पण लोक घरून ठरवूनच आलेले असतात. भोंग्यामुळं उठले की आपसूक, हे ठरवणार कसं? तेव्हा एक करा. कळमनुरी रस्त्यावर पुलावर ट्रक आडवा झालाय, रस्ता बंद आहे, सगळ्यांनी औंढ्याच्या गाडीत बसावं, असं सांगा. किती उठतात ते मी बघतो. पाच मिनिटांनी दुरुस्त करून टाका.

मी म्हटलं, साहेब, बाळापूरची माणसं आहेत. औंढ्याची गाडी बाळापूरला जातच नाही. वसमतला उतरून दुसरी गाडी शोधावी लागते, दिवस जातो.

साहेब म्हणाले, पाच मिनिटांत कोण कुठं जातंय? बोला.

शेखभाई दारात उभे होते. त्यांनी मान खाली घातली. मी बटण दाबलं आणि बोललो. एवढी वर्षं झाली, पण ते वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं ते मला अजून ठाऊक आहे. मधेच घसा धरला, शेवटचा शब्द कसाबसा बाहेर काढला.

स्टँड जागचा हलला नाही. एकानं भोंग्याकडं पाहिलं आणि बिडी पेटवली. आबांनी कूस बदलली. साहेबांनी माझ्याकडं पाहून ओठ आवळले, म्हणजे निकाल लागला. मला सुमन दिसायला लागली, हातात माझं पत्र घेऊन.

आणि तेवढ्यात सखरबाई उठली. बोचकं डोक्यावर घेतलं, पदर खोचला आणि सरळ औंढ्याच्या गाडीकडं चालायला लागली. सगळ्या स्टँडातून ती एकटी. जिनं वर्षभर माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवला नव्हता, ती. ती चढली. औंढ्याच्या ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं.

पाच मिनिटं व्हायची होती. साहेब म्हणत होते, थांबा, अजून बघू. मी बटण दाबलं.

"आत्ता सांगितलं ते खोटं होतं. पुलावर ट्रक नाही. कळमनुरीची गाडी येतेय. बाळापूरच्या माणसांनी औंढ्याच्या गाडीत बसू नये. बसले असतील त्यांनी उतरावं. मी खोटं बोललो होतो."

मग आबा उठले. त्यांना उठताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, की आज भोंगा खरं बोलला, मी खोटा हाय असं सोताच्या तोंडानं म्हनला. आणि सगळा स्टँड पिशव्या, लेकरं, डबे घेऊन कळमनुरीच्या फलाटावर जाऊन उभा राहिला. गाडी अजून आलीसुद्धा नव्हती.

साहेबांनी ते बघितलं. पेन खिशाला लावलं. "उठले की सगळे," म्हणाले. "राहू द्या भोंगा. तुम्हीही राहा इथंच."

मला धड आनंदही झाला नाही, कारण औंढ्याची गाडी हलली होती आणि सखरबाई आतच होती. इंजिनाच्या आवाजात तिला काही ऐकू गेलं नव्हतं. मी खिडकीवरून उडी मारली म्हणा ना, पळत जाऊन गाडीच्या पत्र्यावर थापा मारल्या. कंडक्टरनं घंटी दिली. बोचकं आधी घेतलं, मग तिला हाताला धरून उतरवलं. तोवर कळमनुरीची गाडी आली. लोकांना बाजूला सारून तिला पुढच्या सीटवर बसवलं, कंडक्टरला सांगितलं, हिला बाळापूरला लेकीच्या दारात सोड.

गाडी सुटायच्या आधी मला राहवलं नाही. खिडकीशी जाऊन विचारलं, "मावशी, वर्षभर माझं एक ऐकलं न्हाई. आजच काहून ऐकलं?"

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं, नेहमी पाहायची तसंच.

"रोज तू गिरणीवानी बोलतूस, लेकरा. आज तुजा आवाज कापला. म्या म्हनलं, आज पोरगं खरं बोलून राहिलं."